एक शहर, एक नदी आणि ‘य’ झालेला ‘ग’

विमानाच्या तिकिटावर ‘गोथेनबर्ग’ असते. स्टॉकहोमहून रेल्वेने निघालात तर फलाटावरच्या पाटीवर, आपण अक्षरे जुळवत वाचू तसे, ‘गोटेबोर्ग’ दिसते. गाडीतली उद्घोषणा ऐकली की नवखा माणूस पाटीकडे पुन्हा एकदा बघतो, कारण तिथे ऐकू येते ‘योतेबोर्य’. ‘ग’ गेला कुठे? आणि तिकिटावरचा ‘न’ आला कुठून?

हे स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावरचे, सुमारे सहा लाख वस्तीचे शहर, देशात दुसऱ्या क्रमांकाचे. आपल्याकडे नाव फारसे कानावर नसले तरी तिथला माल ओळखीचा आहे. व्होल्वोची पहिली मोटार १९२७ साली इथूनच बाहेर पडली. बेअरिंग बनवणारी एसकेएफ १९०७ साली इथेच सुरू झाली, आणि चिंचवडच्या माणसाला एसकेएफ म्हणजे काय ते सांगायला लागत नाही. पुण्याकडचे कितीतरी इंजिनिअर आज तिथे नोकरीला आहेत. त्यांच्या घरी फोनवर आई विचारते, “तुझ्या गावाचं नाव नक्की काय रे?” प्रश्न साधा आहे, उत्तर मात्र लांबते.

माझा बरेच दिवस असा समज होता की ‘गोथेनबर्ग’ ही इंग्रजांची करामत. पुण्याचे पूना, ठाण्याचे ठाना, कानपूरचे कॉनपोर केले, त्याच हाताने योतेबोर्यचे गोथेनबर्ग केले असणार. हा समज चुकीचा निघाला, आणि तो कसा चुकीचा आहे ते पाहताना या नावात बरेच काही सापडते.

आधी ‘ग’ चा ‘य’ का होतो ते पाहू, कारण त्याचे उत्तर आपल्याच तोंडात आहे. ‘माझा’ आणि ‘माझी’ हे दोन शब्द मोठ्याने म्हणा. ‘माझा’ मधला झ दातांजवळून निघतो, ‘माझी’ मधला टाळूवरून. ‘घरचा’ आणि ‘घरची’ मधल्या च चेही तेच. अक्षर एकच लिहितो, पण पुढे ई किंवा ए आला की जीभ आपसूक टाळूकडे सरकते. हे आपल्याला शाळेत कोणी शिकवलेले नसते, आणि परक्या माणसाला मराठी शिकवायला बसेपर्यंत आपल्या लक्षातही येत नाही.

स्वीडिशमध्ये हीच गोष्ट ‘क’ आणि ‘ग’ यांच्या बाबतीत घडते. इ, ए यांसारखे, जिभेच्या पुढच्या भागाने होणारे स्वर आले की घशाजवळचा ‘ग’ टाळूकडे सरकत सरकत ‘य’ होतो, आणि ‘क’ चा जवळपास ‘श’ होतो. मराठीत जीभ दातांकडून टाळूवर येते, स्वीडिशमध्ये घशाकडून येते, मुक्काम एकच. म्हणून कागदावर ‘जोनकोपिंग’ दिसणारे गाव प्रत्यक्षात ‘योनशोपिंग’ असते. योतेबोर्यमध्ये १८७४ सालचा एक मासळीबाजार आहे. इमारत हुबेहूब चर्चसारखी, म्हणून लोक त्याला मासळीचे चर्च म्हणतात. तिथल्या बोलीत ते ‘फेस्केशोर्का’. त्या ‘शोर्का’ च्या सुरुवातीलाही लिहिताना क च असतो.

आपल्या शहराच्या नावात ‘ग’ नंतर जो स्वर येतो तो मराठीत नाही. ‘ओ’ म्हणताना करतो तसे ओठ गोल ठेवायचे आणि आतून ‘ए’ म्हणायचे. लिहिताना ओ च्या डोक्यावर दोन टिंबे देतात. ती सजावट नाही. स्वीडिश वर्णमालेत ते स्वतंत्र अक्षर आहे, एकोणतिसावे आणि शेवटचे. टिंबे काढली की अक्षरच बदलते, जसे आपण ‘ळ’ च्या जागी ‘ल’ लिहिला तर ‘कळ’ ची ‘कल’ होते.

शेवटच्या ‘बोर्ग’ चे ‘बोर्य’ होण्याचा नियम वेगळा: र किंवा ल नंतर शब्दाच्या शेवटी आलेला ग तिथे य सारखा उच्चारतात. १९७६ ते १९८० सलग पाच वेळा विम्बल्डन जिंकणारा ब्यॉर्न बोर्ग स्वीडनमध्ये ‘बोर्य’ आहे. आपल्या सगळ्या वर्तमानपत्रांनी त्याला बोर्गच म्हटले आणि त्यात काही बिघडले नाही.

गंमत अशी की ‘ग’ चा ‘य’ करण्याची ही खोड इंग्रजीलाही एकेकाळी होती. जर्मनमध्ये कालच्या दिवसाला ‘गेस्टर्न’ म्हणतात, इंग्रजीत त्याचेच ‘यस्टरडे’ झाले. ‘बेओवुल्फ’ या जुन्या इंग्रजी महाकाव्याचा नायक ज्या लोकांतला आहे त्यांचे नाव त्यात ‘ग’ ने लिहिलेले असले तरी तेव्हाचा उच्चार ‘येआतास’ च्या जवळचा होता. आणि हे लोक म्हणजेच, बहुतेक अभ्यासकांच्या मते, दक्षिण स्वीडनमधले ‘योतार’. आपल्या शहराच्या नावात बसलेले तेच हे लोक.

नावाचे दोन तुकडे

‘बोर्ग’ म्हणजे किल्ला, तटबंदीची जागा. हॅम्बर्ग, एडिनबरा, सेंट पीटर्सबर्ग यांच्या शेपटाशी हाच शब्द आहे. आपण मराठीत एक गोंधळ करून ठेवला आहे. डोंगर या अर्थाचा ‘बेर्ग’ आणि किल्ला या अर्थाचा ‘बुर्ग’ या दोघांनाही आपण ‘बर्ग’ लिहितो, त्यामुळे हायडेलबर्ग डोंगराचे आणि हॅम्बर्ग किल्ल्याचे हे कळायला मार्ग उरत नाही. अर्थात दोन्ही शब्द मुळात एकाच घरचे आहेत. उंच असणे हा त्यांचा मूळ अर्थ, आणि संस्कृतातला ‘बृहत्’ त्याच धातूकडून आला आहे. किल्ले उंचावर बांधत, इतके साधे आहे ते.

पहिला तुकडा ‘योता’. शहर ज्या नदीच्या मुखाशी आहे तिचे नाव ‘योता एल्व’. ‘एल्व’ म्हणजे नदी. वेनर्न हे स्वीडनमधले सर्वांत मोठे सरोवर, त्याचे पाणी त्रोलहेत्तानच्या धबधब्यावरून खाली उतरते आणि या नदीने समुद्राला मिळते. याच भागातले जुने लोक ‘योतार’ आणि त्यांचा प्रदेश ‘योतालांद’. शहराचे नाव नदीवरून की लोकांवरून, यावर भरपूर लिहिले गेले आहे. मला तो वाद फारसा महत्त्वाचा वाटत नाही, कारण दोन्ही वाटा एकाच शब्दापाशी पोचतात. त्याचे जुने रूप ‘गाउत’, आणि भाषाशास्त्रज्ञ ते ‘ओतणे’ या अर्थाच्या क्रियापदाशी जोडतात. आजच्या स्वीडिशमध्ये ओतणे म्हणजे ‘युता’, आणि धातूच्या ओतशाळेला ‘युतेरी’ म्हणतात.

आता इथे जरा थांबू. या ‘युता’ चा आदिम धातू आणि संस्कृतातला ‘हु’ हा धातू एकच. अग्नीत तूप ओतणे ते ‘हु’. त्यावरून होम, हवन, हवी, आहुती. सत्यनारायणाच्या पूजेनंतर भटजी ‘स्वाहा’ म्हणतात आणि आपण पळीने तूप सोडतो, त्या कृतीचे नाव आणि स्वीडनमधल्या या बंदराचे नाव हजारो वर्षांपूर्वी एका घरातून बाहेर पडलेले आहेत. संस्कृत तिकडे गेले किंवा स्वीडिश इकडे आले असे मात्र काही नाही; दोघींची पणजी एक, एवढेच. असे काही सापडले की आपल्याकडे लगेच व्हॉट्सॲपवर ‘स्वीडनही आपलेच’ असा निरोप फिरतो, म्हणून हे आधीच सांगितलेले बरे.

राजांना गॉथ का व्हायचे होते

‘गॉथ’ म्हणजे रोमन साम्राज्याला धडक देणारे जर्मानिक लोक. इसवी सन ४१० मध्ये त्यांच्यातल्या व्हिसिगॉथांनी रोम लुटले. त्यांचे नाव आणि ‘योतार’ हे नाव एकाच धातूची दोन रूपे आहेत. नावे सख्खी, म्हणजे माणसेही सख्खी, असा तर्क स्वीडिश लोकांनी लावला. आजचे इतिहासकार ते समीकरण तसेच्या तसे स्वीकारत नाहीत. पण मध्ययुगात आणि पुढे त्यावर मोठा अभिमान उभा राहिला. १४३४ साली बाझेलच्या धर्मपरिषदेत निकोलाउस रागवाल्दी या स्वीडिश बिशपने आपल्या राजाला मानाची जागा मागितली. कारण काय, तर आम्ही रोम जिंकणाऱ्या गॉथांचे वंशज. स्पेनवरही गॉथांनी राज्य केलेले असल्यामुळे स्पॅनिश मंडळी गप्प बसणार नव्हती. त्यांचे म्हणणे असे की जे शूर होते ते घर सोडून आमच्याकडे आले, तुमच्याकडे उरले ते घरी बसून राहिलेले. पानावर मान कोणाचा यावरून लग्नात होतात तशीच ही भांडणे.

हे सगळे सांगायचे कारण शहर वसवणारा राजा, दुसरा गुस्ताव आडोल्फ, याच हवेत वाढलेला. १६१७ साली राज्याभिषेकानंतरच्या खेळांत तो बेरिक या दंतकथेतल्या गॉथ राजाचे सोंग घेऊन उतरला होता. स्वीडनच्या राजांच्या बिरुदात ‘योतांचा राजा’ हे शब्द असत आणि लॅटिनमध्ये त्याचे सरळ ‘गॉथांचा राजा’ होई. हे बिरुद १९७३ साली, आजचे राजे गादीवर आले तेव्हा, सोडून देण्यात आले. तेव्हा ‘योतेबोर्ग’ हे नाव युरोपच्या दरबारांत ‘गॉथांचा किल्ला’ असे ऐकू जाणे राजाला हवेच होते. गोथेनबर्गमधला ‘गोथ’ इंग्रजांनी चुकून ऐकलेला नाही, तो स्वीडनने स्वतःच मिरवलेला आहे.

शहराची गरज मात्र अभिमानापेक्षा भूगोलातून आली. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला दक्षिणेचा किनारा डेन्मार्कचा, उत्तरेचा नॉर्वेचा, आणि नॉर्वेही डेन्मार्कच्याच राजाखाली. स्वीडनला पश्चिम समुद्राकडे उघडणारी फट म्हणजे या नदीचे मुख. गुस्ताव आडोल्फच्या बापाने, नवव्या कार्लने, समोरच्या हिसिंगेन बेटावर याच नावाचे गाव वसवले होते. ते डॅनिश सैन्याने १६११ मध्ये जाळले. पुढल्याच वर्षी मुखावरचा एल्व्सबोर्ग किल्ला गेला. तो परत मिळवायला स्वीडनला दहा लाख रिक्सडालर खंडणी भरावी लागली. १६१९ पर्यंत ती फेडली, आणि १६२१ च्या जूनमध्ये नव्या जागी नव्या शहराला सनद दिली. जळालेल्या गावाचे नाव नव्याला मिळाले.

नवी जागा दलदलीची होती. दलदलीत शहर उभे करणे कोणाला येते? डच लोकांना. त्यांना बोलावले, त्यांनी कालवे आखले, तट उभे केले. जर्मन आणि स्कॉटिश व्यापारी आले. १६४१ साली नगर चालवणाऱ्या मंडळात ४ स्वीडिश, ३ डच, ३ जर्मन आणि २ स्कॉटिश लोक होते. शेवटचा डच नगरसेवक १६५२ मध्ये वारल्यावर कारभार स्वीडिश हाती गेला. अशा गावाला एकच ‘खरे’ नाव असणार कुठून? पाळण्यात असतानाच त्याला प्रत्येक भाषेने आपापल्या लकबीत हाक मारली.

न, थ आणि म

गोथेनबर्गमधला ‘न’ जर्मन आहे. जर्मनमध्ये एक गॉथ तो ‘गोटे’, अनेक ते ‘गोटेन’. त्यांचा किल्ला ‘गोटेनबुर्ग’. स्वीडिश समासात ‘योता’ चा नुसता ‘योते’ होतो, ‘न’ लागत नाही. इंग्रजी रूप या जर्मन घडणीवर उभे आहे. उत्तर समुद्राच्या बंदरांत तेव्हा व्यापाराची बोलणी जर्मन आणि डचमध्येच जास्त चालत, हे लक्षात घेतले तर त्यात नवल नाही.

‘थ’ चेही खापर इंग्रजांवर फोडता येत नाही. जुन्या स्वीडिश लिखाणातही हे नाव ट नंतर ह घालून लिहिलेले सापडते. लॅटिनमधल्या गॉथांची ती सावली. स्वीडिश ईस्ट इंडिया कंपनी १७३१ साली याच शहरात निघाली, आणि तिच्या एका जहाजाचे नाव शहराचेच, त्या ‘ह’ सकट. चीनमधल्या कँटन बंदरातून चहा, रेशीम, चिनी मातीची भांडी भरून दोन वर्षांहून जास्त प्रवास केलेले ते जहाज १२ सप्टेंबर १७४५ रोजी घराच्या दारात, बंदराच्या तोंडाशी खडकावर आदळून बुडाले. त्याची प्रतिकृती २००५ मध्ये चीनकडे निघाली तेव्हा तिच्या पाठीवरही जुनेच स्पेलिंग होते. या कंपनीची बहुतेक जहाजे कँटनला जात, पण १७५० मध्ये निघालेले ‘योता लेयोन’, म्हणजे योतांचा सिंह, सुरतेलाही येऊन गेले.

‘म’ ची गोष्ट मला सर्वांत आवडते. स्पॅनिश आणि पोर्तुगीजमध्ये हे शहर ‘गोतेम्बुर्गो’, जुन्या फ्रेंचमध्ये ‘गोतेम्बूर’. ब च्या आधी आलेला न ओठ मिटण्याच्या घाईत म होतो. याला आपल्याकडे वेगळे समजावून सांगायची गरज नाही. ‘गोथेंबर्ग’ असे अनुस्वार देऊन लिहा आणि वाचा: ‘कंबर’, ‘लिंबू’, ‘संबंध’ वाचताना जो म येतो तोच इथे येईल. टिंब दिले की आपण पोर्तुगीज झालो.

बाकी भाषांची हजेरी भराभर घेऊ. आइसलँडिकने सर्वांत जुने रूप जपले आहे: ‘गउताबोर्ग’. लिथुआनियनमध्ये नावाला पुल्लिंगी शेपूट लावून ‘गेतेबोर्गास’ करतात, शेजारच्या लाटवियनमध्ये स्त्रीलिंगी लावून ‘गेतेबोर्गा’. विभक्ती लावायची तर लिंग ठरवणे त्यांना भागच असते. जपानी लोक ‘योतेबोरी’ म्हणतात, आणि अमुक भाषेने स्वीडिश उच्चार जपला असे म्हणायचे तर पहिला मान त्यांचा. चिनी नाव ‘गडबाओ’ च्या जवळचे आहे. त्यातले शेवटचे अक्षर ‘बाओ’ म्हणजे खरोखरच किल्ला. आवाजही साधला, अर्थही. परकी नावे लिहिताना चिनी लिपी असा डाव क्वचित जिंकते.

नाव इतर गावांनाही लागले. अमेरिकेतल्या स्वीडिश वसाहतीत, आजच्या फिलाडेल्फियाजवळ, १६४३ मध्ये ‘नवे योतेबोर्ग’ नावाचा किल्ला बांधला. नेब्रास्कात १८८२ साली वसलेले गोथेनबर्ग तर आजही आहे. तिथे स्थायिक व्हायला आलेल्या स्वीडिश माणसांना त्या इंग्रजी रूपात काही परकेपणा वाटला नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. आणि एक काळी बाजू: दुसऱ्या महायुद्धात क्रिमिया बळकावल्यावर नाझींनी तिथल्या सिम्फेरोपोल शहराला ‘गोटेनबुर्ग’ हे नाव द्यायचे घाटले होते. क्रिमियात एकेकाळी गॉथ राहत होते, म्हणून हा भाग जर्मनांचाच, असा तो हिशेब. बाझेलला जे हास्यास्पद होते ते पाचशे वर्षांनी भयंकर झाले.

सर्वांत अनपेक्षित प्रवास स्कॉटलंडचा. १८६५ मध्ये या शहराने दारूविक्रीची एक पद्धत सुरू केली: गुत्ते खासगी माणसांकडून काढून एका नियंत्रित कंपनीकडे द्यायचे, नफा सार्वजनिक कामांना लावायचा. ती ‘गोथेनबर्ग पद्धत’ म्हणून गाजली. स्कॉटलंडच्या कोळसाखाणींच्या गावांनी ती उचलली, आणि त्या धर्तीवर चाललेल्या पबना लोक थोडक्यात ‘गॉथ’ म्हणू लागले. प्रेस्टनपॅन्सला असा एक गॉथ अजून उभा आहे. म्हणजे होमाच्या आहुतीशी नाते सांगणारा शब्द शेवटी ग्लासात ओतला गेला.

मग आता शहर स्वतः काय म्हणते? आपल्याकडे १९९५ मध्ये बॉम्बेचे इंग्रजीतही मुंबई झाले. आत जे नाव, तेच बाहेर, ही आपली दिशा. योतेबोर्यची चाल उलटी. तिथले विद्यापीठ पूर्वी इंग्रजी मजकुरातही स्वीडिश नाव वापरत असे. आता इंग्रजीत ते ‘युनिव्हर्सिटी ऑफ गोथेनबर्ग’ आहे. पर्यटनाच्या बोधचिन्हात तर त्यांनी ओ वरची दोन टिंबे उचलून शेजारी एकाखाली एक मांडली, आपल्या विसर्गासारखी, ‘गो:तेबोर्ग’ असे काहीतरी. परक्याचा टिंबांत अडखळलेला डोळा इंग्रजी ‘गो’ वाचून पुढे सरकेल ही कल्पना. कल्पक आहे, पण मला विचाराल तर टिंबे जागेवरच बरी दिसतात. मुंबईचा आणि त्यांचा रस्ता वेगळा असण्याचे कारणही उघड आहे: त्यांच्यावर बाहेरचे नाव कोणी राज्य करून लादले नव्हते. ते घरातल्याच पाहुण्यांनी ठेवलेले होते.

राहिला मराठीचा प्रश्न. आपणही परगावांना आपली नावे देतोच. ग्वालियरला ग्वाल्हेर, वडोदऱ्याला बडोदे म्हणताना कोणाचा अपमान करायचा हेतू नसतो. म्हणून बातमीत, लेखात ‘गोथेनबर्ग’ लिहायला माझी हरकत नाही. तिथल्या माणसाशी बोलताना ‘योतेबोर्य’ म्हणावे, पाच मिनिटांत जमते. नको ते ‘गोटेबर्ग’: सुरुवात स्वीडिश अक्षरांची, शेपूट इंग्रजीचे, आणि या नावाने हाक मारली तर कोणत्याच भाषेतले गाव ‘ओ’ देणार नाही. तिकडे राहणारी माझ्या ओळखीची मराठी मंडळी यातले काहीच म्हणत नाहीत. मोबाइलवर त्यांचा निरोप येतो, “शनिवारी योतेबोरीला पोचतोय,” असा. शेवटचा ‘र्य’ चतुर्थीच्या ‘ला’ पुढे टिकत नाही, त्याचा आपोआप ‘री’ होतो, आणि नाव रत्नागिरीच्या रांगेत जाऊन बसते.